हळदीची डिस्क

१७ नोव्हेंबर, शुक्रवार

आज दुकानात येसूबाई आली. टाकवे बुद्रुकची. बरोबर तिची थोरली लेक सविता. पिशवीतून फडक्यात गुंडाळलेली डिस्क काढून माझ्यापुढं ठेवली. सविताच्याच लग्नाची, २००८ सालची, माझ्या हातची. वर माझंच अक्षर : 'सविता – हळद, मांडव, लग्न'. कुठल्याच प्लेअरवर लागत नाही म्हणे.

दिवाळीनंतर अशी गिऱ्हाइकं येतातच. साफसफाईत माळ्यावरून डिस्क निघते, घरातला प्लेअर केव्हाच भंगारात गेलेला असतो, शेजारचा मागून आणतात, तो 'डिस्क नाही' म्हणतो, की चालले कामशेतला कादरकडं. दुकानावर पाटी अजून 'नूर व्हिडिओ'चीच आहे. आत मात्र मोबाईलची कव्हरं आणि चार्जर. ते सगळं सून नुसरत बघते. मला कोपऱ्यातलं टेबल आणि ही कोरी डायरी दिलीय, अब्बा, काहीतरी लिहीत बसा म्हणून. तिच्या गिऱ्हाइकांशी मी बोलू नये हा खरा हेतू.

फडकं सोडलं तर डिस्कच्या चकचकीत बाजूवर हळदीकुंकवाची बोटं. एक-दोन नाहीत, थरावर थर. सविताला विचारलं. ती म्हणाली, डिस्क घरात आली त्या दिवसापासून देव्हाऱ्यात आहे आणि दर दसऱ्याला तिची पूजा होते. वरच्या बाजूला कुंकू लावलं तर नाव पुसेल, म्हणून आई जपून मागच्या बाजूला लावते. मी कपाळाला हात लावला. येसूबाई तोंडावर पदर धरून हसली. पूर्वी ही बाई हसली की मांडव हलायचा. आज मला तिचं हसणं ऐकूसुद्धा आलं नाही. वय कुणाला चुकलंय?

बरंच काही सांगत होती. हल्ली माणसं तोंडातल्या तोंडात बोलतात. मी मान डोलावत राहिलो.

१८ नोव्हेंबर

नुसरतनं सकाळी मला जमिनीवर आणलं. हल्ली ती माझ्याशी मोठ्यानंच बोलते. म्हणाली, अब्बा, त्या काल एक शब्द बोलल्या नाहीत. बोलू शकतच नाहीत. तीन वर्षांपूर्वी घशाचं ऑपरेशन झालं, स्वरयंत्र काढून टाकलं. नुसते ओठ हलवतात आणि सविता समजून घेते. गळ्याला रुमाल होता तो तुम्ही बघितला नाही का?

बघितला होता. थंडीचा म्हणून सोडून दिला. फार ओशाळलो.

मग तिनं बाकीचं सांगितलं. येसूबाईची धाकटी, सारिका, तिचं लग्न ठरलंय. १४ डिसेंबरला हळद. त्यांच्याकडं हळद जात्यावर दळतात आणि दळताना नवरीच्या आईनं ओव्या म्हणायच्या. एकेका नातेवाइकाचं नाव घेत जायचं. टाकव्यात कुणाचीही हळद असो, ओव्या येसूबाईच्याच. आता स्वतःच्या शेंडेफळाच्या हळदीत तिला गळा नाही. तिचं म्हणणं एवढंच, की सविताच्या हळदीत म्हटलेल्या ओव्या त्या डिस्कमध्ये आहेत, त्या सारिकाच्या हळदीत वाजल्या पाहिजेत. मोबाईलमध्ये कुणी घेतल्या नाहीत का, असं नुसरतनं विचारलं होतं. घेतल्यात, पण सगळ्यांत मागं डीजे.

करून देतो म्हणावं. कादरनं बनवलेली डिस्क कादरला वाचता येणार नाही, असं कसं होईल?

२१ नोव्हेंबर

डिस्क धुतली. कोमट पाणी, साबणाचं एक बोट, आणि हात मधून बाहेर, सरळ. गोल पुसायची नाही, गोल ओरखडा पडला की लेझर त्याच रुळावर घसरत जातो. पाणी पिवळं झालं. दसऱ्यामागून दसरे बशीत उतरत होते. मग मलमलीनं टिपली, उरलेल्या ओरखड्यावर दातांची पेस्ट चोळून पुन्हा धुतली. अशी लख्ख निघाली की मला माझा चेहरा दिसला. तो मात्र धुवूनही तसाच.

दुकानातल्या प्लेअरनं नाकारली. शेजारच्या हॉटेलातला मागून आणला, तो घरघर करून गप्प. नुसरतच्या लॅपटॉपनं तर ती कोरी आहे म्हणून सांगितलं. कोरी! चार दिवस टाकव्यात कॅमेरा खांद्यावर घेऊन फिरलो होतो तो काय हवेत?

दुपारी शटर अर्धं ओढून पडलो. या दिवसांत कामशेत फार सुंदर होतं. धुकं दहापर्यंत हलत नाही, भाताच्या मळणीचा वास येत राहतो, डोंगरावरून रंगीत छत्र्या घेऊन उडणारे लोक आभाळात तरंगत असतात. आणि शांतता. पूर्वी स्टेशनात गाडी आली की टेबलावरचा चहा थरथरायचा. आता गाड्या कापसावरून गेल्यासारख्या जातात. रेल्वेनं रूळ सुधारले असणार. चिमण्याही कमी झाल्या. मला आवडतं हे. सगळं जग पाण्याखाली गेल्यासारखं, मऊ.

पडल्या पडल्या जुने दिवस आठवले. लग्नसराईत दिवसाला दोन लग्नं असायची. मशीनवर टेप चालू करायची, बाजूला गाण्यांची कॅसेट, आणि दोन्ही मिळून थेट डिस्कवर. हळदीत बायकांचं तेच ते एकसुरी चालायचं, तिथं मी झकास सिनेमातलं गाणं टाकायचो. कादरची डिस्क बघताना कुणाला कधी कंटाळा आला नाही.

२४ नोव्हेंबर, शुक्रवार

जुम्याच्या नमाजाला गेलो. मौलानांचा आवाज फार बारीक झालाय, मशिदीला नवा माइक बसवायला पाहिजे. माझ्या लेकाला, नवाजला सांगितलं. तो टाकव्याच्या कारखान्यात आहे, तिथल्या कुणाकडून स्वस्तात मिळेल. तो माझ्याकडं बघतच राहिला.

परत येताना डोक्यात प्रकाश पडला. डिस्क उन्हात तिरकी धरली. मधला भाग गडद आणि बाहेरची कड फिकी. म्हणजे लिहिलेली आहे. कोरी डिस्क सगळीकडं सारखी दिसते.

मग सगळं आठवलं. डिस्क लिहून झाली की शेवटी ती बंद करावी लागते, म्हणजे मशीनला सांगावं लागतं की मजकूर संपला, आता ही कुणालाही वाचता येऊ दे. मी ती मुद्दाम बंद करायचो नाही. वर्षभरात बारसं निघायचं, तेच लोक माझ्याकडंच यायचे, उरलेल्या जागेत बारसं घालून द्यायचो. लग्न आणि बाळ एकाच डिस्कवर. लोकांना ते शकुनाचं वाटायचं. नवऱ्यामुलीची डिस्क बंद केली म्हणणंसुद्धा कुणाला आवडायचं नाही. डिस्क नेताना मी बजावायचो, काही झालं तर माझ्याकडंच या. सविताच्या बाळाचं बारसं मुंबईला सासरी झालं, डिस्क उघडीच राहिली.

उघडी डिस्क फक्त ज्याच्यावर लिहिली त्या मशीनला कळते. आणि ते मशीन मी सहा वर्षांपूर्वी परंदवडीच्या महिपतीला देऊन टाकलं.

२७ नोव्हेंबर

परंदवडीला जाऊन आलो. महिपती माझ्याबरोबर लाईट धरायला असायचा, आता शेती बघतो. मशीन होतं. वर देवीचा फोटो, दोन्ही बाजूंना फुलदाण्या. टीव्ही भिंतीवर टांगल्यापासून त्याला ती चांगली बैठक वाटली होती.

"कादरभाऊ, चालू हाय का न्हाई ठावं न्हाई. पर तुमचंच हाय, न्या की," असं तो म्हणाला. हे त्यानं तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा जवळ येऊन. पूर्वी इतका पुळका नव्हता त्याला.

त्याच्या बायकोनं नव्या तांदळाचा भात आणि वालाची उसळ वाढली. येताना मशीन मांडीवर घेऊन रिक्षात बसलो. माझी बायको मुमताज जाऊन आठ वर्षं झाली. या मशीनवर रात्रंदिवस बसायचो तेव्हा ती मला हाका मारून थकायची. हेडफोन कानाला असायचे. आज उगीच वाटत राहिलं की कुणीतरी हाक मारतंय.

२९ नोव्हेंबर

कप्पा उघडेना. खोलून बघितलं, आतला रबरी पट्टा ढिला पडला होता. नवा कुठून मिळणार? तो गरम पाण्यात पाच मिनिटं टाकला की आकसतो, ही जुनी युक्ती. बसवला. कप्पा बाहेर आला आणि मी मोठ्यानं हसलो. नुसरतनं गिऱ्हाइकं सोडून वळून बघितलं.

डिस्क घातली. वीस-तीस सेकंद काहीच नाही. मग पडद्यावर टाकव्याचं अंगण आलं. आंब्याचे डहाळे, पिवळी साडी, सविता पाटावर. जातं. जात्यावर येसूबाई, अंगानं भरलेली, कपाळभर कुंकू. तिनं खुंटा धरला, मान वर केली आणि तोंड उघडलं.

आणि गाणं सुरू झालं. सिनेमातलं. मी टाकलेलं.

येसूबाईचे ओठ हलतायत, हात फिरतोय, बायका माना डोलावतायत आणि वर ढोलक, सनई आणि कुठल्या तरी नटीचा आवाज. पूर्ण नऊ मिनिटं. एक गाणं संपलं तर मी दुसरं जोडलं होतं.

बंद केलं. नुसरतला म्हटलं, डोकं दुखतंय.

३० नोव्हेंबर

मूळ टेपा आठवून बघितल्या. काही उपयोग नाही. एकाच टेपवर आम्ही पाच-पाच लग्नं घ्यायचो. सविताच्या हळदीवर दुसऱ्या कुणाची हळद चढली असेल, तिच्यावर तिसरीची.

दुपारी झोप लागली. स्वप्नात धुक्यात पुष्कळ बायका जात्यांवर बसल्या होत्या, ओळीनं, पवनेच्या पाण्यापर्यंत. सगळ्यांचे ओठ हलत होते. मी एकीकडून दुसरीकडं धावत होतो आणि प्रत्येकीपुढं कान नेत होतो. जातीसुद्धा आवाज करत नव्हती.

३ डिसेंबर

मनाशी ठरवलं होतं की टाकव्याला जाऊन सांगायचं, डिस्क मेली. लबाडी आहे, पण बरी. पंधरा वर्षांची डिस्क मरते, त्यात कुणाचा दोष नसतो. हळदीकुंकवानं खराब झाली असंही म्हणता आलं असतं. असा विचार माझ्या मनात आला, हे इथं लिहून ठेवतो. कुठंतरी राहू दे.

येसूबाई अंगणात तांदूळ पाखडत होती. मला बघून उठली, खुर्ची पुसली, पाणी आणलं. सारिका लाजून आत पळाली. जातं धुऊन उन्हात उपडं ठेवलं होतं. येसूबाईनं माझ्याकडं बघून दोन बोटं गोल फिरवली, म्हणजे डिस्क फिरते का?

मी म्हणालो, फिरते.

एवढंच म्हणालो. खोटं नव्हतं. ती पदरात तोंड घालून रडली आणि मग इंद्रायणीचा नवा तांदूळ पिशवीभर बांधून दिला. सविता म्हणाली, "मामा, तिला रात-रात झोप न्हवती वो. लय उपकार झालं." मी पिशवी घेऊन निघालो. नको म्हणायचं धैर्यही झालं नाही. वाटेत भाताची रिकामी खाचरं धुक्यानं भरली होती आणि त्यात मी एकटा तांदूळ घेऊन चाललो होतो. मला माझी शरम वाटली.

६ डिसेंबर

आज नुसरतला सगळं सांगितलं. डिस्क लावून दाखवली. हे बघ, म्हटलं, तुझ्या सासऱ्याची कारागिरी. ती नीट बघायला मशीनजवळ सरकली, तिचा हात मागच्या वायरींना लागला आणि गाणं एकदम बंद पडलं. पांढरी पिन निसटली होती. आवाजच गेला. पडद्यावर येसूबाई मुकी दळत राहिली.

मी पिन परत दाबली. गाणं परत आलं.

नुसरतनं माझा हात धरला. म्हणाली, "अब्बा, थांबा." आणि स्वतः ती पिन काढली. पुन्हा सगळं शांत. मी म्हटलं, अगं, आवाज जातोय, कळत नाही का? ती ऐकेना. टीव्हीपाशी खाली बसली आणि बसूनच राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. दारात चार्जर घ्यायला आलेली एक बाई होती, तीही चप्पल काढून आत आली.

मला मागाहून उमगलं. गाणं मी डाव्या बाजूला टाकायचो आणि अंगणातला आवाज उजवीकडं, बारीक करून. पांढरी पिन डावीची, लाल उजवीची. पांढरी काढली की गाणं जातं आणि उरतो तो जागेवरचा आवाज. तो पुसला नव्हता. खाली होता, सगळा वेळ.

मी टीव्हीला कान लावला. आवाज शेवटपर्यंत वाढवला. मला काही ऐकू येत नव्हतं. नुसरतला विचारलं, खरंच आहे? माझी समजूत घालतेस का?

ती माझ्या कानाशी येऊन ओरडली, "अब्बा, येसूबाई गातायत. तुम्हाला ऐकू येत नाही. वर्षभर तरी येत नाहीये. आम्ही सांगायचं कसं म्हणून गप्प होतो."

मी तिला बरंच बोललो. मग शटरबाहेर जाऊन उभा राहिलो. गाडी आली, शिट्टी देत असणार, गेली. माणसं ओरडत असणार. सगळं मऊ होतं. मला इतके दिवस वाटत होतं की जग निवळलंय.

९ डिसेंबर

तळेगावच्या डॉक्टरांनी कान तपासले. बारीक आणि चढे आवाज आधी जातात म्हणे, बायकांचे, पाखरांचे. कानाला मशीन लावावं लागेल, माप दिलंय, यायला महिना लागेल. मौलानांच्या माइकबद्दल नवाजनं मशिदीत अजून विचारलेलं नाही, हे एक बरं झालं.

नुसरतनं माझं मशीन वायरीनं लॅपटॉपला जोडलं आणि डिस्क उतरवून पेनड्राइव्हमध्ये घेतली. उतरवताना स्पीकर बंद ठेवला. आपण सुरुवातच ऐकली, पुढचं पहिल्यांदा त्यांच्या घरच्यांनी ऐकायचं, असं तिचं म्हणणं. पोरीला समज आहे. मी ते तिला सांगितलं नाही, इथं लिहितो.

१४ डिसेंबर

सकाळीच टाकव्याला पोचलो. मशीनही नेलं. पेनड्राइव्ह नुसरतच्या पर्समध्ये होता, पण माझा भरवसा माझ्या मशीनवर.

आधी येसूबाईला बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. तुझ्या ओव्यांवर मी गाणं टाकलं होतं, मला त्या ओव्या गोंगाट वाटायच्या, आणि तुझा आवाज राहिला तो माझ्या चांगुलपणानं नाही, वायरीच्या कृपेनं राहिला. ती ऐकत होती. मध्येच ओठ हलवून काहीतरी म्हणाली. सविता नव्हती, मला कळलं नाही. मीही विचारलं नाही. तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आत गेली.

डीजेवाल्याला थांबायला सांगितलं. मांडवात टेबलावर टीव्ही, खाली जातं. पाच सवाशिणी जात्याभोवती बसल्या, सारिका पाटावर, येसूबाई तिच्या पाठीशी. पांढरी पिन मी माझ्या हातानं काढून ठेवली आणि डिस्क चालू केली.

माझ्यासाठी ते सगळं मुकंच होतं. पण मी बघितलं. आधी बायकांची कुजबुज थांबली, म्हणजे ओठ थांबले. मग सवाशिणींचा हात खुंट्यावर गेला आणि जातं पडद्यावरच्या जात्याबरोबर फिरायला लागलं. हळदीची पिवळी कड पडायला लागली. सारिकानं मागं वळून आईकडं बघितलं. येसूबाई डोळे मिटून बसली होती. स्वतःचा आवाज तिनं असा कधी ऐकलाच नसेल, म्हणणाऱ्याला तो कुठं ऐकायला मिळतो? हळूहळू बाकीच्या बायकांचे ओठ हलायला लागले. त्या मागोमाग म्हणत होत्या. म्हाताऱ्या, सुना, पोरी. मांडवाच्या कापडातून ऊन पिवळं होऊन खाली येत होतं आणि मला वाटलं मी झोपलोय आणि हे सगळं मला पडतंय.

मग एकदम सगळ्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या. सगळ्या. येसूबाईनंही डोळे उघडले.

डिस्क अटकली असणार. मी मशीनपाशी धावलो, कप्पा बघितला, लाल पिन दाबली, आकडे बघितले. आकडे तर पळत होते. पडद्यावर येसूबाईचे ओठ हलत होते आणि ती सरळ कॅमेऱ्यात बघत होती. म्हणजे पंधरा वर्षांपूर्वी माझ्याकडं बघत होती.

सविता उठून आली. तिनं माझ्या कानाशी तोंड आणलं.

"मामा," ती ओरडली, "आईनं भावाच्या ओवीत तुमचं नाव घेतलंय. तिला भाऊ न्हाई ना. ऐका."

आणि एकेक शब्द सोडवून तिनं मला सांगितलं :

मला न्हाई पाठीराखा, कोन उभा मांडवात,
कादर माझा बंधू, उजेड त्याच्या हातात.

मला नीट ऐकू आलं होतं. तरी मी म्हटलं, आलं नाही, पुन्हा सांग.